बाटलीतले अर्धे नर गेले कुठे? चिलटांमधल्या मारक जीनची गोष्ट

मागच्या महिन्यात भाचीचा रात्री साडेदहाला फोन आला, तिची नीटची तयारी चालू आहे. "मावशी, एक प्रश्न आहे, उत्तर माहितीये पण डोक्यात शिरत नाहीये." प्रश्न असा होता की ड्रोसोफिला ह्या माशीच्या एका मादीला निरोगी नराबरोबर ठेवलं, पुढच्या पिढीत माद्या निघाल्या १०० आणि नर फक्त ५०, तर कारण काय? उत्तर तिने पाठ केलेलं, 'एक्सवर रिसेसिव्ह लीथल जीन'. पण तिची शंका वेगळीच होती. जीन जर मारक आहे, तर तो घेऊन आई जिवंत कशी?

शंका अगदी बरोबर आहे, आणि खरं तर सगळा विषय ह्या एका शंकेतच आहे. फोनवर तासभर बोललो, पण मला वाटलं की हे लिहूनच काढावं, कारण बारावीची पोरंच नाही, बी.एससी. झालेली माणसंसुद्धा इथे अडखळतात. मी स्वतः एम.एससी.ला हे आकडे हाताने मोजेपर्यंत अडखळत होते.

आधी ही माशी कोणती ते

आपल्याकडे फळमाशी म्हटलं की कोकणातल्या बागायतदाराला आंब्यात अळ्या करणारी मोठी माशी आठवते, ती वेगळी. आपण बोलतोय ती म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं, जेमतेम तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. लॅबमध्ये रवा, गूळ, यीस्ट आणि अगार शिजवून बाटलीत ओततात, घट्ट झालं की त्यावर माशा सोडतात. २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत दोन पिढ्या बघून होतात. नर ओळखणं सोपं, त्याच्या पोटाचं टोक काळं आणि गोलसर असतं.

एक काम मात्र चिकाटीचं असतं, कोऱ्या माद्या गोळा करायचं. मादी एकदा नराला भेटली की त्याचे शुक्राणू साठवून ठेवते आणि मग पुढची अंडी कोणाची ते सांगता येत नाही, म्हणून कोषातून बाहेर आल्यावर पहिल्या आठ तासांच्या आत तिला वेगळी काढावी लागते. त्यासाठी आम्ही सकाळी सातला लॅबमध्ये हजर असायचो.

डबल सिलेंडर आणि सिंगल सिलेंडर

आता थोडे शब्द, एकदाच. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब दोरा, त्यावर ओळीने जीन असतात, आणि एकाच जीनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना अॅलील म्हणतात. चिलटांमध्ये गुणसूत्रांच्या चार जोड्या असतात, त्यातली एक जोडी लिंगाची. मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय.

घरात गॅसचं डबल सिलेंडर कनेक्शन असलं की एक सिलेंडर खराब निघाला तरी आपण दुसरा लावतो, स्वयंपाक थांबत नाही, पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. मादीचं तसं आहे. एका एक्सवरचा एखादा अत्यावश्यक जीन बिघडलेला असला तरी दुसऱ्या एक्सवरची चांगली प्रत काम चालवते. असा बिघाड जो चांगल्या प्रतीसमोर दबून राहतो तो अप्रभावी, म्हणजेच भाचीच्या पुस्तकातला रिसेसिव्ह.

नराकडे सिंगल सिलेंडर. शेजारी वाय असतो, पण तो जागा अडवून बसलेल्या रिकाम्या टाकीसारखा, एक्सवरच्या बहुतेक जीनची प्रत त्याच्यावर नसतेच. चिलटाच्या वायवर मोजकेच जीन असतात आणि ते मुख्यतः शुक्राणू बनवण्यासाठी लागतात. वाय अजिबात नसलेला नर जन्माला येतो, उडतो, जगतो, फक्त त्याला मूल होत नाही. तेव्हा नराच्या एकुलत्या एक्सवर जर जगायला लागणारा जीन बिघडलेला असेल तर चूल पेटतच नाही.

म्हणून आई जिवंत. तिच्याकडे मारक अॅलील आहे पण शेजारी चांगली प्रतही आहे. अशा मादीला वाहक म्हणतात.

१०० आणि ५० चा हिशोब

वाहक आई, निरोगी बाप. समजा २०० अंडी घातली. आई प्रत्येक अंड्यात एकच एक्स देते, अर्ध्यांत चांगला, अर्ध्यांत मारक. बाप लेकींना स्वतःचा एक्स देतो आणि मुलांना वाय.

लेकी १००. त्यातल्या साधारण ५० पूर्ण निरोगी, ५० आईसारख्या वाहक, पण जगतात सगळ्या, कारण बापाचा चांगला एक्स प्रत्येकीकडे आहे. मुलगे १००. त्यातले ५० चांगला एक्स मिळालेले, ते जगतात, आणि ५० मारक एक्स मिळालेले, ते प्रौढ होण्याआधीच मरतात. बाटलीत मोजायला उरतात १०० माद्या, ५० नर. म्हणजे २:१.

ह्यात एक गोष्ट मला कायम भारावून टाकते. आपण मारक जीन बघितलेला नसतो, मेलेला नरही बघितलेला नसतो. जे नाहीत त्यांच्या संख्येवरून जीन कुठल्या गुणसूत्रावर आहे ते आपण ओळखतो. आणि हे पहिल्यांदा झालं तेव्हा डीएनएची रचना माहीत व्हायला अजून ४० वर्षं होती.

भाचीने लगेच पुढचं विचारलं, की मग दोन्ही एक्स मारक असलेली मादी असते का? नसते. तिला एक मारक एक्स बापाकडून यावा लागेल, आणि तसा एक्स असलेला नर बाप व्हायला शिल्लकच राहत नाही. लॅबमध्ये एक पळवाट आहे, एक्सचा तो चांगला तुकडा वायवर चिकटवलेले नर वापरायचे, मग मारक एक्सवालाही जगतो.

हे कळलं कसं

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गनची एक खोली होती, दुधाच्या बाटल्यांमध्ये माशा पाळलेल्या, केळ्यांचा वास भरलेला. १९१० मध्ये तिथे लाल डोळ्यांच्या माशांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि त्याची वंशावळ बघताना मॉर्गनच्या लक्षात आलं की हे लक्षण एक्सच्या वाटेने चालतं, आजोबाकडून मुलीमार्फत नातवाकडे. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, एका वाणात माद्या दुप्पट निघायला लागल्या. पांढऱ्या डोळ्यांचा हिशोब हातात असल्यामुळे त्याने बरोबर तर्क केला की इथेही एक्सवर काहीतरी आहे, फक्त हे डोळ्याचा रंग बदलत नाही, जीवच घेतं.

आणि मग त्याने त्या न दिसणाऱ्या जीनची जागाही शोधली, डोळ्याचा रंग वगैरे दिसणारी लक्षणं एक्सवर कुठे आहेत ते माहीत होतं, वाचलेल्या नरांमध्ये कुठलं लक्षण जास्त, कुठलं कमी येतंय ते बघायचं, ज्या लक्षणाचा पत्ता मारकाच्या जवळ ते मारकाबरोबरच गायब होतं.

मुलरची युक्ती, बाटलीत एकही नर नाही

माझ्या मते ह्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

हर्मन मुलर हा मॉर्गनच्या त्याच खोलीत शिकलेला. त्याला बघायचं होतं की क्ष-किरणांनी जीन बदलतात का. पण बदल मोजायचा कसा? डोळ्यांचे रंग बघत बसलं तर आयुष्य जाईल, कारण दिसणारे बदल फार क्वचित होतात. एक्सवर जगायला लागणारे जीन मात्र शेकड्यांनी आहेत, त्यातला कुठलाही बिघडला तरी परिणाम एकच, मुलगा मरतो. म्हणजे मारक बदल मोजणं सगळ्यात सोयीचं.

त्यासाठी त्याने एक खास एक्स वापरला, सी-एल-बी नावाचा. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, गुणसूत्राचा मोठा तुकडा उलटा बसलेला. एरवी मादीतले दोन एक्स आपसात तुकडे बदलतात. दोन लोकल गाड्या समजा, डब्यांचा क्रम सारखा असेल तर मधूनच तोडून अर्धे-अर्धे डबे बदलता येतात. पण एका गाडीचे डबे उलट्या क्रमाने लावले असतील तर अदलाबदलीनंतर एका गाडीला दोन इंजिनं आणि दुसरीला एकही नाही, दोन्ही निकामी. उलट्या तुकड्यामुळे तसंच होतं, अदलाबदल झालेले एक्स पुढच्या पिढीत पोचत नाहीत, म्हणून खास एक्स आणि साधा एक्स एकमेकांत मिसळत नाहीत. दुसरी गोष्ट, त्यावर आधीच माहीत असलेला एक मारक. तिसरी, डोळा गोल न होता पट्टीसारखा अरुंद करणारा जीन, त्यामुळे तो एक्स कोणाकडे आहे ते नुसतं बघून कळतं.

आता प्रयोग. नरांना क्ष-किरण दिले आणि त्यांना सी-एल-बी वाहक माद्यांबरोबर ठेवलं. लेकी निघाल्या, त्यातल्या फक्त पट्टीडोळ्यांच्या निवडल्या. अशा प्रत्येक लेकीकडे एक खास एक्स आईचा आणि एक किरण लागलेला एक्स बापाचा. प्रत्येकीला साध्या नराबरोबर वेगळ्या बाटलीत ठेवलं. तिच्या मुलांपैकी ज्यांना खास एक्स मिळाला ते मरणारच, तो मारक माहीतच आहे. उरलेल्यांना किरण लागलेला एक्स मिळाला. तो ठीक असेल तर ते जगले, बाटलीत नर दिसले. त्यात नवीन मारक तयार झाला असेल तर तेही मेले, बाटलीत एकही नर नाही.

म्हणजे मोजायचंसुद्धा नाही, बाटली उचलायची, भिंगातून बघायचं, नर आहेत की नाहीत, झालं. एका बाटलीतून एका शुक्राणूच्या एक्सचा निकाल. आणि ती लेक स्वतः कशी जगली? तिच्या दोन्ही एक्सवर एकेक खोट आहे, पण जागा वेगळ्या, त्यामुळे एकाचं उणं दुसरा भरून काढतो.

किरण न देता एक्सवर नवीन मारक हजारात एखाद-दोन एवढेच सापडतात. मुलरने १९२७ मध्ये जाहीर केलं की जोरदार क्ष-किरण दिल्यावर बदलांचं प्रमाण साधारण १५० पट वाढलं. १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि पुढे तो आयुष्यभर डॉक्टरांना सांगत राहिला की क्ष-किरण जपून वापरा, पुढच्या पिढीच्या पेशींवर ते पडू देऊ नका.

हीच पद्धत घेऊन जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेल्या शार्लट ऑरबाख ह्यांनी दुसऱ्या महायुद्धात एडिंबरामध्ये मस्टर्ड गॅस हा युद्धातला विषारी वायू तपासला, हात भाजून घेत. रसायनंही जीन बदलू शकतात हे बिननरांच्या बाटल्यांनी दाखवून दिलं, पण युद्धाची गुप्तता असल्यामुळे सविस्तर निकाल युद्ध संपल्यावरच छापता आले. नंतर कित्येक वर्षं नवीन औषधं, कीटकनाशकं जीनला धोकादायक आहेत का हे बघायला अशीच चाचणी वापरली गेली.

"पण नर कमी म्हणजे मारक जीनच, हे कशावरून?"

चांगली शंका, आणि परीक्षेत कोणी विचारत नाही पण लॅबमध्ये पहिली हीच यायला हवी. नर गायब होण्याची आणखी कारणं असतात.

एक म्हणजे स्पायरोप्लाझ्मा नावाचा जिवाणू. तो मादीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो आणि नर अंडी मारून टाकतो, कारण नर त्याला पुढे नेऊच शकत नाहीत. पण इथे हिशोब वेगळा येतो. जवळजवळ सगळेच नर जातात, अर्धे नाही, आणि लेकींपैकी निम्म्याच नव्हे तर बहुतेक सगळ्या जणी हे पुढे नेतात. शिवाय खाण्यात अँटिबायोटिक घातलं की नर परत यायला लागतात. जीन काही अँटिबायोटिकने बरा होत नाही.

दुसरं कारण जास्त गमतीचं. नराकडे एकच एक्स, मग त्याचं काम कमी पडत नाही का? चिलटांमध्ये नराचा एक्स दुप्पट जोराने चालवला जातो, आणि तो चालवणारी प्रथिनं वेगळी असतात. त्यातल्या बहुतेकांचे जीन दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणसूत्रावर. त्यातला एखादा पूर्ण बिघडला तर नर मरतात आणि माद्या ठणठणीत, म्हणजे मारलेत फक्त नर पण जीन एक्सवर नाही. लिंगाशी जोडलेला जीन आणि एकाच लिंगाला मारणारा जीन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाचीला मी हे वाक्य वहीत लिहून घ्यायला लावलं.

"दिसणारा मारक असतो का?"

असतो. नॉच नावाचा बदल एक्सवरच असतो. एक प्रत बिघडली की मादीच्या पंखाच्या कडेला खाचा पडतात, म्हणजे पंखापुरता तो प्रभावी, पण जिवापुरता अप्रभावी. नॉच आई आणि साधा बाप घेतला तर लेकी निम्म्या खाचवाल्या, निम्म्या साध्या, आणि मुलगे सगळे साध्या पंखांचे पण संख्येने निम्मे. खाचवाला नर कधी सापडत नाही. वाहक कोण हे इथे पंखावरच लिहिलेलं असतं, म्हणून शिकवायला मला हेच उदाहरण सगळ्यात आवडतं.

काही मारक तर अटींवर मारतात. थंडाव्यात माशी जगते, २९ डिग्रीला मरते. अशाच धाग्यावर मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दिकी आणि अमेरिकेतले सेमूर बेंझर ह्यांनी गरम झालं की लुळ्या पडणाऱ्या माशांवर काम केलं, १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातला कोमाटोज हा जीनसुद्धा एक्सवरचाच.

ह्या युक्तीचा शेतीत चक्क वापर होतो. भूमध्य फळमाशीचं एक वाण असं बनवलंय की अंडी साधारण ३४ डिग्रीच्या पाण्यात ठेवली की मादी अंडी मरतात आणि फक्त नर उरतात, कारण उष्णता सोसणारी चांगली प्रत वायला जोडून ठेवलेली आहे. मग ते नर नसबंद करून बागांवर सोडतात. इथे वायच वाचवतो, आपल्या बाटलीच्या अगदी उलट.

"मारतोय तर असे जीन संपत का नाहीत?"

रोज थोडे संपतातच. मारक प्रत मुलाकडे गेली की तिथेच संपते, लेकीकडे गेली की लपून पुढे जाते. आणि जेवढ्या संपतात तेवढ्या नवीन बिघाडाने तयार होत राहतात. १९३५ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतात येऊन स्थायिक झाले, त्यांनी हाच विचार माणसातल्या हिमोफिलियाला लावून नवीन बिघाड किती वेगाने होत असतील त्याचा अंदाज काढला. ह्या हिशोबातून एक गोष्ट निघते. एक्सवरच्या ज्या आजारात मुलगा पुढे मूल होण्याआधीच जातो, तिथे साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बिघाड अगदी नवीन असतो, आई वाहकही नसते.

"माशीवरून माणसाचं काय कळणार?"

जशीच्या तशी तुलना करू नका, हे आधी सांगते. माणसात वायवरचा एक जीन पुरुष ठरवतो, चिलटात एक्सची संख्या ठरवते. माणसाच्या बायकांमध्ये प्रत्येक पेशीत एक एक्स बंद पडतो, चिलटाच्या मादीत दोन्ही चालू राहतात. पण सिंगल आणि डबल सिलेंडरचा हिशोब तोच आहे.

इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटी नावाचा दुर्मीळ आजार आहे. मुलींच्या त्वचेवर पट्टे उमटतात, आणि तोच बिघाड मिळालेला मुलगा बहुतेक वेळा गर्भातच जातो. अशा घरांत आपोआप होणारे गर्भपात जास्त आणि जन्मलेल्यांत मुली जास्त असं दिसतं. बाटलीतल्या २:१ ची ही माणसातली सावली, आणि इथे प्रत्येक आकड्यामागे एक आई आहे.

म्हणून हे ठामपणे लिहिते. आपल्याकडे एखादीचे मुलगे वाचले नाहीत की बोट तिच्याकडेच जातं. बिघडलेला एक्स मुलाला आईकडून येतो हे खरं, पण तो तिला तिच्या वडिलांच्या एका शुक्राणूत झालेल्या बिघाडातून आलेला असू शकतो, तिच्या आईकडून आलेला असू शकतो, किंवा तिच्या एकाच अंड्यात नव्याने झालेला असू शकतो. कोणी काही केलं म्हणून तो झालेला नसतो. मुलगा की मुलगी हे तर बापाच्या शुक्राणूवर ठरतं.

आणि दुसरं, कोणी जर म्हणालं की मुलींचा आकडा कमी असणं हेही असंच काहीतरी नैसर्गिक असेल, तर हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. एक्सवरचा अप्रभावी मारक मुलगे कमी करतो, मुली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातल्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. ह्या मुली कुठल्या जीनने नेल्या नाहीत, त्याची कारणं सोनोग्राफीच्या खोलीत शोधावी लागतात.

मग ते ५० नर नक्की कुठे असतात?

हा भाचीचा शेवटचा प्रश्न होता, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मेले म्हणजे दिसायला तरी हवेत ना कुठेतरी?

दिसतात, शोधलं तर. काही मारक अळीला मारतात, काही कोषात, पण बरेचसे अंड्यातच. अंडं साधारण एका दिवसात फुटतं. बाटलीऐवजी द्राक्षाच्या रसाच्या अगारवर अंडी घालायला लावली आणि दोन दिवसांनी बघितलं तर न फुटलेली अंडी तशीच पडलेली असतात. त्यातली पांढरी राहिलेली बहुधा फळलीच नव्हती, आणि तपकिरी पडलेल्यांत वाढ सुरू होऊन मध्येच थांबली. आम्ही सुईने ती एकेक बाजूला करून मोजायचो, आणि वाहक आईच्या थाळीत तपकिरी अंडी पावाच्या आसपास भरायची, म्हणजे चारातलं एक.

क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस ह्यांनी जर्मनीत हायडेलबर्गला हीच टाकून देण्यासारखी अंडी उचलली. ती पारदर्शक करून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि आतल्या अळीच्या कातडीवर कुठला पट्टा गायब आहे ते बघितलं. एका मारकात एकाआड एक भाग नाहीत, दुसऱ्यात मधले सलग भाग नाहीत, तिसऱ्यात प्रत्येक भागाचा अर्धा तुकडा उलटा. शरीराचे भाग कुठल्या जीनमुळे पडतात ते असं एकेका मेलेल्या अंड्यावरून वाचलं गेलं, १९९५ चं नोबेल त्यालाच. भाचीला मी त्यातल्या एकाआड एक भाग गायब असलेल्या अंड्याचा फोटो पाठवला, तिने तो मोठा करून पट्टे मोजले आणि मेसेज केला, "मावशी, ह्यात तर सातच आहेत."